पंचामृत प्यालेली बंदूक

आमच्या घराण्यातला एकही पुरुष बंदुकीच्या तोंडासमोरून मागे हटलेला नाही. हे वाक्य माझे वडील, म्हणजे आबा, दर दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी म्हणतात आणि म्हणताना माझ्याकडे बघतात. ऐकणाऱ्यांच्या माना आदराने लवतात. मीही मान खाली घालतो, पण माझं कारण वेगळं आहे.

मुळात आमचं घराणं कारकुनांचं. आमच्या हातून रक्त सांडलंच असेल, तर ते बोरू तासताना. पण आजोबा एकदा फौजेबरोबर लिहिण्याच्या कामावर गेले आणि येताना एक तोड्याची बंदूक घेऊन आले. ती कशी मिळाली हे त्यांनी सांगितलं नाही आणि घरात कुणी विचारलं नाही. (घराण्याचा इतिहास असाच तयार होतो.)

अशी बंदूक तोंडातून भरतात. आधी दारू, वर शिशाची गोळी, मग गजाने ठासायचं. मागच्या अंगाला एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. त्यावर चिमूटभर दारू ठेवून जळता तोडा, म्हणजे सुताची धुमसती वात, टेकवला की बार उडतो. हे सगळं मला ऐकून माहीत. आबांनाही ऐकूनच माहीत होतं, पण त्यांचा आवाज मोठा.

त्या दसऱ्याला आबांनी ठरवलं की बार उडवायचाच. त्यांनी बंदूक भरली. मग पूजेला बसले. देवता म्हटली की अभिषेक आला. त्यांनी नळीच्या तोंडात पळी पळी पंचामृत सोडलं. गंध कुठे लावावं म्हणून शोधता शोधता त्यांना तो कान सापडला. त्यात त्यांनी भक्तिभावाने गंध भरलं. त्यानंतर तोडा टेकवला, तर काहीच झालं नाही.

"देवता शांत आहे," आबा म्हणाले आणि त्यांनी बंदूक खुंटीला अडकवली. तशीच, भरलेली.

तिथेच सगळं मिटलं असतं. पण माझ्या बहिणीचं, यमूचं, लग्न ठरलं आणि व्याही निघाले शिलेदार. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार आणि दोन्हीपेक्षा रुबाबदार मिशी. बैठकीत त्यांच्या मोहिमा ऐकता ऐकता आबांना राहवलं नाही.

"सीमांतपूजनाला आमच्या बंदुकीची सलामी होईल," ते म्हणाले.

"वा," व्याही म्हणाले. "मग आमच्याही बंदुकीची होईल."

लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड हडपसरच्या अलीकडे आमराईत उतरलं. सकाळी आबांनी बंदूक खाली काढून माझ्या हातात दिली. मी गज आत घातला. तो अर्ध्या वाटेत कशाला तरी टेकला आणि बाहेर आला तेव्हा त्याला मध लागला होता.

"गोळी अडकलीय," मी म्हणालो. "मागे दारू आहे?"

"गोळी आहे म्हणजे दारू असणारच. आपण पद्धतशीर माणसं आहोत."

"पण ती पंचामृताने भिजली असेल ना?"

आबांनी विचार केला. "असेल. नसेलही."

म्हणजे दारू ओली असेल तर बंदूक निकामी आणि कोरडी असेल तर मी. बंदूक खाली ठेवावी म्हटलं, तर तिचं तोंड कुठे करायचं हा प्रश्न. पूर्वेला केलं तर शेजारच्या काकू ओरडल्या, "अहो, इकडे आमचं बाळ निजलंय." पश्चिमेला देऊळ. उत्तरेला गोठा. वर केलं तर माळ्यावर लग्नाचे लाडू.

"लाडवांवर धरू नकोस हो," आई आतून म्हणाली. ती दाराआडून एकाच डोळ्याने बघत होती. "आणि जपून कर. आज तुला काही झालं तर सुतक येईल. मुहूर्त टळेल."

"मला काही झालं तर मुहूर्त टळेल, एवढंच?"

"एवढंच कसं? पुढचा मुहूर्त थेट मार्गशीर्षात आहे."

यमू तिच्या मागून म्हणाली, "दादा, परवा कर ना. परवा काहीही झालं तरी चालेल."

शेवटी मी बंदूक आभाळाकडे धरून बुधवार पेठेत गेलो. तिथे एक बंदूक दुरुस्त करणारा होता. रस्त्यात लोक मला वाट देत होते. (आयुष्यात पहिल्यांदाच. पुण्यात वाट मिळवायला भरलेली बंदूक लागते हे त्या दिवशी कळलं.) त्या कारागिराने मला पायरीखालीच थांबवलं.

"भरलेली आहे?"

"म्हणून तर आणली."

"भरलेली आम्ही बघत नाही. रिकामी करून आणा."

"रिकामी झाल्यावर तुमच्याकडे कशाला आणू?"

"तेच म्हणतोय. नका आणू."

मी तिथून हललो नाही. बंदुकीचं तोंड हळूहळू त्याच्या दुकानाकडे झुकताना बघून त्याला पाझर फुटला. त्याने आतूनच एक मळसूत्र माझ्याकडे फेकलं. ते गजाच्या टोकाला बसवायचं, नळीत घालून पिळायचं, शिशात रुतलं की गोळीसकट गज ओढायचा. "ओढताना तोंडासमोर उभे राहू नका," तो म्हणाला.

"मग ओढू कसा?"

"ते तुम्ही बघा." आणि त्याने फळी लावून घेतली.

घरी येऊन मी मळसूत्र पिळलं. ते गोळीत रुतलं, मस्त रुतलं. मग ओढलं, तर गज हलेना. आबा दस्त्याला लटकले, मी गजाला, आणि आम्ही अंगणभर एकमेकांना फिरवलं. आता नळीत गोळी होती, गोळीत मळसूत्र होतं आणि हातभर गज बाहेर डोकावत होता.

"सलामीचं आता विसरा," मी म्हणालो.

"शब्द दिलाय," आबा म्हणाले. त्यांनी गजाला झेंडूची माळ गुंडाळली. तोडा पेटवून मनगटाला वेढला. लांबून बंदूक खरोखरच शुभ दिसत होती.

आमराईत व्याही सामोरे आले. त्यांची नजर माळेवर थांबली.

"हे काय?"

"आमच्या घराण्याची पद्धत," आबा म्हणाले.

व्याह्यांनी माळ दोन बोटांनी उचलली, गज पाहिला, नळीचा वास घेतला. मला वाटलं, मोडलं लग्न. मग ते आमच्याजवळ सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कधीपासून अडकलीय?"

"दसऱ्यापासून," मी म्हणालो.

"झाडाजवळ चला."

त्यांनी घोडा बांधायचा दोर मागवला. मी गज धरायचा, त्यांनी आणि आबांनी दस्ता ओढायचा. मी पुढे फरफटत येऊ नये म्हणून मला कमरेपाशी आंब्याला बांधलं. नळीचं तोंड माझ्या छातीशी, आणि त्या टोकाला आबा. त्यांच्या मनगटावरचा तोडा बंदुकीच्या कानापासून वितीवर धुमसत होता.

"आबा, तोडा विझवा."

"सीमेवर विझलेला तोडा शोभत नाही."

"आबा, मी समोर आहे."

"म्हणून तर मी काळजीने ओढतोय."

त्यांनी हिसडा मारला. मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली, पण पहिल्या ओळीनंतर भीमरूपी लागली. दुसरा हिसडा. मग रांजणाचं बूच निघावं तसा आवाज आला, गज माझ्या हातात राहिला आणि दसऱ्याचं पंचामृत माझ्या तोंडावर आलं.

व्याह्यांनी माझ्या गालावरचा ओघळ पाहिला. "आमच्यात पाहुण्यांना गूळपाणी देतात," ते म्हणाले. "तुमच्यात जावयाच्या मेहुण्याला हे देतात वाटतं."

मग आबांनी, दारू ओलीच असणार या खात्रीने, नळी एका दगडावर उपडी करून ठोकली. दारू भसकन बाहेर सांडली, आणि तुपाने तोंड बंद केलेल्या बरणीत राहावी तशी ती कोरडी ठणठणीत होती. मी ओरडणार, तोच तोड्याची ठिणगी पडली. मोठा भपका झाला, आमराई धुराने भरली, घोडी उधळली आणि माझ्या दोन्ही भुवया गेल्या.

"झाली सलामी," आबा खोकत म्हणाले.

"मग आता तुमची," मी व्याह्यांना म्हणालो. मी अजून बांधलेलाच होतो.

व्याह्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आमचीही झाली असं धरू या," ते म्हणाले. मग माझ्या कानाशी वाकले. "ते मळसूत्र जरा देता का? आमची गेल्या होळीपासून अडकलीय."

यमूचं लग्न मुहूर्तावर लागलं. मी अंतरपाट धरून उभा होतो, तेव्हा भटजींनी विचारलं की हे मुलीकडचे कोण, इतके चकित का दिसतात.

तेव्हापासून आबा ते वाक्य म्हणतात, आणि ते खोटं नाही. मी बंदुकीच्या तोंडासमोरून मागे हटलो नाही. पुढे आलो नाही, बाजूलाही झालो नाही. दोराची गाठ आबांनीच मारली होती.