माझाच नंबर टाकतो

वायफाय गेलं की आमच्या गल्लीत सगळे त्या वायफाय जोडणाऱ्या पोरालाच बोलावतात. तो कुपवाडहून गाडीवर येतो, चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवतो, आधी सासूबाईंच्या पाया पडतो. आमचे हे फौजेत. त्यांना तिकडून घर दिसावं म्हणून स्वयंपाकघरात कॅमेरा बसवलाय आणि तो सारखा वायफाय सोडतो. हा राउटरचा प्लग काढतो, तोंडातल्या तोंडात पुटपुटत थांबतो, परत लावतो. कॅमेऱ्याचा दिवा हिरवा झाला की म्हणतो, "बघा वैनी, आला."

ओटीपीला सगळेच वैतागतात, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या अ‍ॅपला त्यानं स्वतःचाच मोबाइल नंबर टाकलाय. "तुमी कशाला ताप घेताय, मी हाय न्हवं." आम्हाला त्यात आपुलकीच दिसली.

काल दुपारी भाकरी थापताना दिवा लाल झाला. त्याला फोन करावा म्हणून हात धुतले, तर त्याचाच फोन आला. आवाज नेहमीसारखा मऊ.

"वैनी, वायफाय गेलं व्हय? मघापास्नं भाकरी थापताय ते दिसत हुतं, आन् एकदम काळं झालं. येऊ का?"

उत्तर द्यायच्या आधी मी मान वळवून दाराची कडी पाहिली.