चुन्याच्या दगडांपलीकडे

समावा शहराच्या पश्चिमेला वाळवंट सुरू होतं तिथे मुतशरचं घर होतं. दारात पाहुणा आला की मुतशर आधी ससाण्याची खुशाली सांगे, मग सलुकीची, मग बंदुकीची. बायकामुलांची चौकशी पाहुण्यालाच करावी लागे.

"आमचं लग्न ठरलं त्या वर्षी ह्यांचा ससाणा मेला होता," नश्मिया, त्याची बायको, चारचौघांत म्हणे. "नाहीतर ह्यांना सवड कुठली?"

मुतशर दाढीतल्या दाढीत हसे. खोटं नव्हतंच ते. बापाने चालायला शिकवलं ते ससाण्यामागे, असं तो स्वतःच सांगे. साठी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, तरी थंडी पडली की घरात पाय टिकत नसे.

त्याच्या सलुकीचं नाव खत्फा. शिकारी जातीची, लांबट तोंडाची, वाळूच्या रंगाची. तिला कुणी कुत्री म्हटलेलं त्याला खपत नसे. "कुत्री दाराबाहेर झोपतात. ही सलुकी आहे." तीन हिवाळे खपून त्याने तिला शिकवलं होतं. गोळी वाजली की धावायचं. ससाणा शिकारीवर उतरला की त्याच्याजवळ उभं राहायचं, कोल्ह्याला फिरकू द्यायचं नाही, आणि मालक येऊन ससाणा हातावर घेईपर्यंत जागचं हलायचं नाही. ससाणा पुन्हा उडालाच, तर त्याच्याखालून पळत राहायचं.

मग लढाई होऊन गेली. जुन्या विहिरीपलीकडच्या जमिनीत सुरुंग राहिले. काही मेंढ्या गेल्या, मेंढ्यांमागे गेलेला एक माणूसही गेला. तेव्हा लोकांनी दगडांना चुना फासून ओळ मांडली. हुबारा पक्षी माळढोकाच्या जातीचा, बुजरा. माणूस फिरकत नाही ती जागा त्याने बरोबर हेरली. ओळीच्या अलीकडे एखादाच दिसे. पलीकडे सकाळी थवेच्या थवे चरत. मुतशर दगडांशी उभा राहून बघत राही, आणि ते नश्मियाला आवडत नसे.

"तिकडे बघूसुद्धा नका," ती म्हणे.

"बघितल्याने काय सुरुंग फुटतो?"

त्या दिवशी नश्मियाचा भाऊ शनान बरोबर होता. दगडांच्या अलीकडेच झुडपातून एक हुबारा उठला. मुतशरने ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली, अल्लाचं नाव घेतलं आणि हात वर उचलला. हुबारा दगडांच्या ओळीवरून सरळ पश्चिमेला गेला. ससाण्याने त्याला पाडला तो चांगलाच पलीकडे.

खत्फाने झेप घेतली. मुतशरने वेळेवर पट्टा धरला.

"सोड की तिला, अबू लफ्ता," मुतशरला मुलाच्या नावाने हाक मारत शनान म्हणाला. "ती वजनाला केवढीशी!"

"तुझी बहीण पण वजनाला केवढीशी. पाठवतोस?"

मुतशर आमिषाची पिसं फिरवून ससाण्याला हाका मारत राहिला, पण ताज्या मांसावर बसलेला ससाणा कशाला येतो? तेवढ्यात शनानने वर बोट दाखवलं. गरुड. भुईवर बसलेला ससाणा म्हणजे गरुडाला आयता घास.

मुतशरने पट्टा शनानच्या हाती दिला, बंदूक उचलली आणि गरुडाच्या दिशेने गोळी झाडली. गरुड वळला. आणि गोळीचा आवाज विरण्याआधीच मुतशरला कळलं, आपण काय केलं ते.

सलुकीचं डोकं मानेपेक्षा अरुंद. खत्फाने एक हिसडा देऊन मान मागे घेतली. शनानच्या हातात रिकामा पट्टा राहिला.

ती दगड ओलांडून गेली. तिची प्रत्येक उडी टेकेपर्यंत दोघांनी श्वास रोखला. काही झालं नाही. ती ससाण्याजवळ पोचली आणि शिकवल्याप्रमाणे पाठ त्याच्याकडे करून उभी राहिली.

"खत्फा! ये! ये ग पोरी!"

तिने कान हलवले. मालक येईपर्यंत हलायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला वाटत होतं, आता मालक येईल.

तिच्याकडे जायला मुतशर चपला काढू लागला. शनानने त्याला मागून कवटाळलं. "वेडा झालास का, म्हाताऱ्या? नश्मियाला जाऊन काय सांगू मी?"

"ती माझी वाट बघतेय रे."

"बघू दे! घरी दुसरी पण बघतेय!"

दोघे वाळूत बसले, शनानचे हात त्याच्या कमरेभोवती तसेच. ससाण्याने पोटभर खाल्लं, पिसं झटकली आणि तो उडाला. घराकडे नाही, पश्चिमेकडे. खत्फाने एकदा वळून मालकाकडे बघितलं. मुतशर घसा फोडून ओरडला. मग ती ससाण्याच्या खालून पळत सुटली, मान ताठ, शिकवल्यासारखी अगदी सरळ. दोघंही लहान होत होत दिसेनाशी झाली.

"सुरुंगाचा आवाज तर आला नाही," शनान हळूच म्हणाला.

"अजून नाही," मुतशर म्हणाला.

त्यानंतर त्याने ससाणा धरला नाही. नश्मियाने ताटात भात वाढला, की तो घास हातात धरून पश्चिमेकडे कान लावून बसे. ती काही विचारत नसे. भात गार होईपर्यंत तीही त्याच्याबरोबर ऐकत राही.