हुरड्याच्या पुड्या

माझ्या साखऱ्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, युरोपातला एक लेखक चार महिने लपून राहिला. उंची सात फूट. बाजेवर आडवा झाला की पाय शेजाऱ्याच्या तुरीत जायचे. आपल्या देशाच्या सत्ताधाऱ्यावर त्यानं पुस्तक लिहिलं. तिथं पुस्तक जाळलं आणि हा एका पिशवीनिशी पळाला. पुण्याच्या एका मित्रानं त्याला माझ्याकडं धाडला. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर, आणि आमच्या आखाड्यावर पोस्टमनसुद्धा वाट विचारत येतो.

पोलीस ठाण्यात रीतसर नोंद झाली. बाकी त्याची एकच अट होती, नाव-फोटो कुठंही नको. त्याच्याआधी पळालेल्या मित्राला परमुलखात कुणीतरी गाठलं होतं. तो मित्र पुन्हा कुणाला दिसला नाही.

रोज सकाळी तो शंभर पानी वहीत पेन्सिलीनं लिहायचा आणि दुपारी त्यातलं निम्मं खोडायचा. एकदा विचारलं, का खोडता? म्हणाला, "माझ्या भाषेत माझ्याशी बोलणारा इथं मी एकटाच आहे. खोटं लिहिलं तर लगेच पकडला जातो." मला आयुष्यात ही अडचण कधी आली नव्हती.

पण माझी जीभ. आमच्या बाजाराच्या गावी, गोरेगावच्या हॉटेलात मी सांगून बसलो, की आमच्या पाहुण्याला तीन राजे टरकतात आणि येत्या बाजारच्या दिवशी त्याचा वाढदिवस आहे. वाढदिवस खरा होता. ऐकणाऱ्यांत फ्लेक्स छापणारा माझा चुलतभाऊ होता.

बाजारच्या दिवशी आम्ही दोघं वह्या आणायला जीपनं गेलो, तर चौकात फ्लेक्स. एरवी मी चाळीस फुटी सांगितला असता. त्या दिवशी बाराच पुष्कळ झाले. भावानं आखाड्यावर चोरून काढलेला पाहुण्याचा फोटो, त्याला डोक्यावर फेटा आणि डोळ्यांवर गॉगल चढवलेला, खाली अकरा शुभेच्छुकांचे चेहरे, पहिला माझा. पाहुणा जीपमध्ये दोन सीटांच्या मधे खाली बसला. माझं मनगट त्यानं असं धरलं की बोटं थंड पडली.

"उतरव," मी भावाला म्हणालो.

"काहून? पयला फोटो तुमचाच लावला की, बापू."

"उतरव म्हणतो ना."

"लोकायचे चेहरे हायेत खाली. आन् सकाळपासून समदे स्टेटसला ठेवून राहिलेत. ते कसं उतरवू?"

फ्लेक्स उतरला. स्टेटस कोण उतरवणार?

आठ दिवसांनी, भरदुपारी, मी आगटीत हुरडा भाजत होतो, तेवढ्यात बांधावरून पांढरी गाडी आली. पाहुणा बाजेवरून उठला तो थेट कापसाच्या खोलीत, ढिगामागं. दोघं उतरले. औंढ्याला चाललोय, रस्ता चुकलो, म्हणाले. औंढा कुठं, साखरा कुठं. एकानं मोबाइल पुढं केला. त्यावर फ्लेक्स.

"ये साहब यहीं रहते हैं?"

पन्नास वर्षं मी हौसेनं खोटं बोललो. गरजेनं पहिल्यांदाच बोलत होतो.

"कायके साहब? चष्मे के दुकान का फोटो है. भाई ने नेट से उठाया. पिछले साल बैल का बर्थडे लगाया था, उसमें भी पहला मैं ही था."

एक हसला. दुसरा हसला नाही. तो बाजेवरच्या उघड्या वहीकडं बघत होता.

"ये क्या है?"

"रद्दी. हुरडा बांधने को लायी." आणि नुसतं बोलून भागणार नाही असं वाटून मी वहीची दोन पानं टर्रकन फाडली, दोन पुड्या बांधल्या आणि त्यांच्या हातांत दिल्या. "खाओ रस्ते में, गरम है."

गाडी गेली. पाहुणा बाहेर आला, दाढीत कापूस. वहीतल्या फाटक्या कडांवरून त्यानं बोट फिरवलं.

"त्यांना माझी भाषा वाचता येत असेल?"

मी उठलो आणि गाडीच्या चाकोरीनं धावत सुटलो. पुड्या खाऊन कागद फेकले असतील, ते उचलून आणू म्हणून. पहिल्याच वळणावर हुरडा दिसला. सगळाच्या सगळा मातीत ओतलेला, अजून गरम. कागद नव्हते. पार डांबरी सडकेपर्यंत बघितलं.

परतलो तेव्हा तो पिशवी भरत होता. कुठं जाणार, हे त्यानं सांगितलं नाही, आणि माझ्यासारख्याला सांगू नये हे मलाही पटलं.