अब्बासचाचा बॉल बघत नाहीत

वाळू आणि किस्से, कॅम्पात दोन्हीही झाडून संपत नाहीत. आज काढले तरी उद्या चादरीत सापडतातच. आमच्या सौदीतल्या अबकैकच्या लेबर कॅम्पातले निम्मे किस्से तर गल्फ कपचे! शेजारीशेजारी असलेल्या आखाती देशांची ही फुटबॉल स्पर्धा आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्माआधीपासून चालू आहे. आपला देश त्यात कुठेच नाही. तरी भांडणं आमचीच जास्त.

कारण कॅम्पाचा नियम. ज्याचा पहिला व्हिसा ज्या देशाचा, त्याची टीम तीच. मग तिथल्या कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, कितीही छळलेलं असो! मी सौदीवाला. मालवणचा सावंत, पाईपफिटर, ओमानवाला. आणि रत्नागिरीकडचे अब्बासचाचा, आमचे सगळ्यात जुने वेल्डर, कुवेतवाले.

*

सावंत टीव्हीसमोर बसला की ओमान हरतं, असा सगळ्यांचा अनुभव. एकदा ओमान मागे पडलं होतं. सावंत बाथरूमला गेला आणि ओमानने बरोबरी केली. तो परत येऊ नये म्हणून बाकीच्या ओमानवाल्यांनीच बाहेरून कडी घातली!

आतून आवाज, "मेल्यांनू, दार उघडा! स्कोर काय झालो?"

"तू आत आहेस तोवर चांगला आहे!"

ओमान जिंकलं. सावंत अजून छाती फुगवून सांगतो, "ती मॅच मी काढली!"

*

आमच्याकडे मॅच इंटरनेटवरून येते, त्यामुळे जरा उशिरा दिसते. शेजारच्या कॅम्पात डिश होती. तिकडून ओरडा आला की समजायचं, आता गोल होणार. सगळा सस्पेन्स खलास!

मग त्यांचं प्रोजेक्ट संपलं. माणसं गेली, एसी उतरवले, दारंसुद्धा काढून नेली. सावंत म्हणाला, "चला, आता मॅच मॅचसारखी बघू."

त्याच आठवड्यात कुवेतची मॅच होती. आमच्या स्क्रीनवर बॉल अजून मैदानाच्या मध्यावर, आणि तिकडून ओरडा आला. नेहमीसारखाच, पुष्कळ माणसांचा. मग स्क्रीनवर गोल झाला.

सकाळी ड्युटीला जाताना मी मुद्दाम तिकडून गेलो. टीव्ही सोडा, लाईटचं कनेक्शनही तोडलेलं होतं.

"वारा असेल रे," सावंत म्हणाला.

"वाऱ्याला आधी कळतं होय?"

*

अब्बासचाचा बॉल बघत नाहीत. गोल झाला की आम्ही टीव्हीपुढे नाचतो आणि नेमके तेव्हाच ते खेकसतात, "सरका! माणसं दाखवतायत!" त्यांना प्रेक्षक बघायचे असतात. तेही कुवेतचे.

त्यांचा धाकटा भाऊ यूसुफ कुवेतला होता. इराकने कुवेत घेतलं त्या गोंधळात हरवला. गावची बाकीची माणसं कशीबशी परत आली. यूसुफ आला नाही आणि गेल्याची बातमीही आली नाही. पोरगा फुटबॉलवेडा. "जिता असला तर मॅच सोडायचा नाय," चाचांचं म्हणणं एवढंच.

मी एकदा विचारलं, "दिसायला कसा होता?"

"सांगणार नाय. सांगितलं की तुम्हाला जिथेतिथे तोच दिसेल. मग माझी दया येऊन खोटं बोलाल."

फोटोही कधी दाखवला नाही. मला राग आला, कारण आम्ही खरंच तसं केलं असतं.

*

यंदा चाचांचं फायनल एक्झिट लागलं. म्हणजे कायमचं घरी. आणि नेमकी जायच्या आधी कुवेतची मॅच आमच्या इथून बसने जाण्याइतकी जवळ! चाचांनी दोन तिकिटं मागवली.

"दुसरं कोणाचं?" मी विचारलं.

"तो आला तर काय उभा ठेवू?"

मी आणि सावंत टीव्हीसमोर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा आम्हीही बॉल बघत नव्हतो. पहिला हाफ संपता संपता कॅमेरा कुवेतच्या लोकांवरून फिरला आणि सगळी खोली ओरडली. चाचा! इस्त्रीचा शर्ट, मांडीवर टोपी. शेजारच्या खुर्चीत एक पोरगा शेंगदाणे खात होता आणि चाचांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता.

"दिली जागा कुणालातरी," सावंत म्हणाला. "बरं झालं. एकटे बसले असते तर बघवलं नसतं."

रात्री जेवणाच्या वेळेला चाचा परतले. चेहरा उतरलेला. सावंतने त्यांना खुलवायला म्हणून विचारलं, "चाचा, टीव्हीवर दिसलात! शेजारचा पोरगा कोण?"

"कुठला पोरगा? शेजारी माझी पिशवी होती. शेवटपर्यंत कोणाला बसू दिलं नाय."

सावंत हसायला गेला आणि थांबला. "चाचा, आम्ही सगळ्यांनी बघितला. शेंगदाणे खात होता."

चाचा बुटाची नाडी सोडत होते. हात तिथेच राहिला. त्यांनी आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. कुणाच्या तोंडावर दया नव्हती. आम्ही घाबरलो होतो.

"कुठल्या हातान खात होता?"

सावंतने माझ्याकडे बघितलं.

"डाव्या," मी म्हटलं.

चाचा खाटेवर बसले.

"आयशीचा मार खायचा त्यावरून," ते म्हणाले.