वर्नाचे हात

अमेरिकेतल्या रीनो शहरात, पत्त्यांच्या एका क्लबात, वर्ना टॉलिव्हर सव्वीस वर्षं पोकरची पानं वाटत होती. दोन नवरे गेले, घर गेलं, गुडघेही जायच्या बेतात होते. पण तिच्या हातांबद्दल कुणी वाकडा शब्द काढला नव्हता. तो परवा निघाला.

पत्ते पिसायचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून वर्ना हातानंच पिसत होती. लाइल हॅस्केटला लागोपाठ तीन डाव पहिल्या दोन पानांतच एक्क्यांची जोडी आली. आता हा लाइल कोण, ते क्लबातल्या झाडूवालीलाही ठाऊक. विधुर, मिशा पांढऱ्या पण विंचरलेल्या, आणि रविवारी वर्नाबरोबर एकाच प्लेटमधून पॅनकेक खाणारा. ‘माझ्याकडे राहायला ये,’ असं त्यानं तिला विचारलं होतं. या रविवारी ती हो म्हणणार होती.

“तीनदा? लागोपाठ?” नॉर्बर्ट प्रूइट ओरडला. आधीच हरलेला, त्यात गणिताचा निवृत्त मास्तर. “अशा एका जोडीची शक्यता दोनशे एकवीसात एक. तिन्हींची कोटीत एक! पॅनकेक अंगी लागले म्हणायचे, बाई!”

टेबल खो-खो हसलं. वर्ना उठली. हातात काही लपवलेलं नाही हे दाखवायला टेबल सोडताना वाटणारे करतात तशी तिनं टाळी वाजवली, छतातल्या कॅमेऱ्याला दोन्ही तळवे उलटसुलट दाखवले आणि मॅनेजर रमोनाच्या खोलीत जाऊन बसली.

रमोनानं चित्रण दोनदा पाहिलं, आणि मग मास्तरालाच आत बोलावलं.

“मास्तर, टेबलाला खुर्च्या किती?”

“नऊ.”

“त्यातल्या कुणालाही तीन जोड्या आल्या असत्या, तरी तुम्ही बोंब मारलीच असती ना?”

“हं. मग बारा लाख डावांत एक धरा.”

“आणि हिनं आजवर वाटले किती?”

मास्तर पुटपुटत राहिला. वर्षाला पंचेचाळीस हजार, सव्वीस वर्षं... त्याचा चेहरा उतरला. “बारा लाखांच्या जवळपास. म्हणजे असं एखादवेळा होणं हिशोबात बसतं. चुकलो, वर्ना.”

रविवारी पॅनकेक खाताना लाइल भलताच खुशीत होता. “मास्तराला तुम्ही दोघींनी छान गुंडाळलंत! आता मला तरी खरं सांग. माझ्यासाठीच केलंस ना?”

“काय?”

“एक्के गं!”

“लाइल, मी पिसले आणि वाटले. बस्स. हिशोब ऐकलास ना?”

“ऐकला की. तो लोकांसाठी.” त्यानं डोळा मारला; पण तो डोळा ओला होता. “माझ्यासाठी आजवर कुणी साधा लाल सिग्नल मोडला नाही. तू तर नोकरी पणाला लावलीस!”

तो चिडला असता, तर वर्ना भांडली असती. पण या आनंदाशी भांडायचं कसं? त्याच्या घरी राहायला जाणार होती ती त्याच्या मनातली कुणी वेगळीच बाई, लबाड आणि जीव लावणारी.

तिनं काटा खाली ठेवला, टाळी वाजवली आणि दोन्ही तळवे त्याच्यापुढे उलटसुलट केले.

लाइलनं हसत तिचा उजवा हात धरला, त्याचा मुका घेतला. “हाच ना तो?”

वर्नानं हात सोडवून घेतला आणि पर्स उचलली.

“माझा वाटाही खा,” ती म्हणाली, आणि दाराकडे निघाली.