धाकट्या जावेचे लेझर

लेझर करून घेऊ का, असे तू परवा फोनवर विचारलेस. डॉक्टर सांगायचे ते सांगतीलच. मी तुला माझ्या धाकट्या जावेचे सांगते.

आम्ही शिरूरला आणि ती दौंडला, कारण दिरांची नोकरी रेल्वेत होती. आम्हा दोघींचा नंबर जवळजवळ सारखा, मायनस आठच्या आसपास. एकदा माझा चष्मा फुटला तेव्हा तिचा जुना घालून मी शाळेत शिकवले होते. जाड भिंगांवरून घरात दोघींची एकत्रच चेष्टा व्हायची, आणि ते मला आवडायचे.

लेझर नवे होते तेव्हा आम्ही दोघी पुण्याला तपासून आलो. तिला हो म्हणाले. माझा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ निघाला, म्हणून मला नाही. परतताना एसटीत ती माझी समजूत घालत होती. सणसवाडी मागे पडली तरी मी खिडकीबाहेरच बघत होते.

नाताळला ती चष्म्याशिवाय आली. नाकावरचे वळही गेले होते. सकाळी डोळे उघडल्याबरोबर ती भिंतीवरचे घड्याळ बघायची, उशाशी चाचपडायची नाही. मला सर्वांत जास्त खुपले ते हेच. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते, थेंब घालावे लागतात, रात्री स्टेशनवरच्या दिव्यांभोवती वलये दिसतात, अशा तिच्या तक्रारी होत्या. मी त्या फार मन लावून ऐकल्या.

मग शेतात तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पूर्वी आम्ही चष्मा काढून, पाय जवळ घेऊन, आपापला काटा सुईने काढत असू. आता तिला ते जमेना. चाळिशी उलटलेली, आणि जवळचे दिसायची आमची ती सोय लेझरने गेली होती.

"अक्का, जवळचं दिसंना. तुम्हीच काढा."

मी सावकाश, सगळ्यांदेखत चष्मा काढून ओट्यावर ठेवला. काटा पहिल्याच प्रयत्नात निघाला.

"तुमचेच डोळे बरे हायेत, अक्का."

"मग बदलतेस?"

तिने पायात चप्पल घातली. "न्हाई," म्हणाली.

मी ओट्यावर हात फिरवू लागले. चष्मा घसरून खाली पडला होता. तो तिला दारातून दिसला, आणि तिनेच आणून माझ्या हातात दिला.