मानाच्या पंगतीचं गणित

तात्याबा मास्तरांना म्हणे अमेरिकेनं बोलावलं होतं. संगणकाचं कसलं तरी कोडं तिथल्या कुणालाच सुटेना. पण ‘मागं मेंढरं कोण बघंल’ म्हणून भामाबाईंनी नवऱ्याला अडवलं, आणि मास्तर आमच्या वडूजकडच्या शाळेत नववीला भूमिती शिकवत राहिले. पारावर अजून असंच सांगतात.

साफ खोटं. अमेरिका नाही, मुंबईची एक संस्था. आणि बोलावणं नाही, छापील कार्ड: आपला लेख मिळाला. बास. ते कार्ड मास्तरांनी सदऱ्याच्या खिशात एवढं वागवलं की घामानं ‘मिळाला’ पुसून गेलं. भामाबाई तर म्हणायच्या, "अमेरिकेला जात्यात तर जाऊ द्या की. एक कप च्या वाचंल."

दर शनिवारी शाळा सुटली की मास्तर एसटीनं सांगली गाठायचे, तिथल्या एका कॉलेजच्या वाचनालयातली परदेशी मासिकं वहीत उतरून घ्यायचे आणि रविवारी परत यायचे. सोमवारी प्रसाद आम्हाला. आधी नाक दोनदा वर ओढायचं, मग खडूनं आपल्याच अंगठ्यावर टकटक, मग सुरू: "म्हंजे बघा हं. वेळापत्रक लावणं, लॉरीत गुळाच्या ढेपा बसवणं, पंगतीत भांडखोर माणसं बसवणं. वरनं समदं येगळं, आतनं एकच. एकाची सोपी रीत घावली की समद्यांची घावली."

"मग घावली का, सर?"

"न्हाई. जगात कुणालाच न्हाई." आणि छाती पुढं. आपल्याला काय येत नाही याचा एवढा डौल मिरवणारा दुसरा माणूस उभ्या तालुक्यात नसेल. पाच वर्षं, सात वह्या, आणि उत्तर काय, तर न्हाई.

शहात्तर साली, माझी शाळा संपून वर्ष झालं होतं तेव्हा, माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि ही पीडा आमच्या घरात शिरली. आमच्यात अक्षता पडल्या की देवळापुढं मानाची पंगत बसते. अठरा कुळांचे अठरा म्हातारे, एकाच ओळीत, मध्ये खंड नाही. सगळे बसून पहिला घास घेत नाहीत तोवर वऱ्हाड उपाशी. आणि या अठरा जणांत कोण कोणाशी बोलत नाही हे सांगायला एक दिवस पुरत नाही. थोरलीच्या लग्नात दोन वैरी शेजारी आले, आमटीची बादली कलंडली आणि वरपक्ष न जेवता उठला. थोरलीला दोन वर्षं माहेरचं तोंड दिसलं नव्हतं. धाकटीचं तसं होऊ नये म्हणून आई सारखी पदर डोळ्याला लावत होती. शेवटी वडीलच मास्तरांना घेऊन आले.

मास्तरांनी कागदावर अठरा ठिपके काढले. ज्यांचं एकमेकांशी जमतं त्यांच्यामध्ये रेघ. नाक ओढून, रेघांकडं बघून म्हणाले, "बसत न्हाई."

"बघितलं का सगळं करून?" मी विचारलं.

"समदं करून बघायला जलम पुरायचा न्हाई, गड्या. पन बसत न्हाई."

चार पाहुण्यांत हा माणूस पुन्हा ‘न्हाई’वरच येऊन थांबलेला बघून मला चेव आला. म्हटलं, दिवस मावळायच्या आत मी बसवून दाखवतो. पैज.

"लाव. म्या हरलो तर साती वह्या चुलीत. तू हरलास तर सांगलीला यायचं आन मला एक लेख उतरून द्यायचा. डोळं दुखत्यात माझं."

मी अठरा चिंचोके घेतले, त्यांवर कोळशानं खुणा केल्या आणि ओसरीवर मांडत बसलो. सतरा बसायचे, एक उरायचा. तो बसवला की दुसरा कुणीतरी उठायचा. चार वाजेतो गुडघ्यांना खडे रुतले.

मास्तर चहा संपवून आले. तीन चिंचोके उचलून बाजूला ठेवले. "ह्यो गुंडा. मेव्हना सोडून कुणाच्या शेजारी बसतू? न्हाई. ह्यो सिद्धू, निसता पुजाऱ्याशेजारी. आन ह्ये तुझं आबा, निसतं लालासाहेब फौजीशेजारी. ज्याला एकच शेजारी चालतू, त्यो वळीच्या टोकालाच बसनार. वळीला टोकं किती?"

"दोन."

"आन ही किती?"

मी हातातला चिंचोका खाली ठेवला.

"बसवलेली वळ तपासाय एक चक्कर मारली की झालं. ती शोधायची म्हंजे जलम. आन ती न्हाईच, ह्ये दावायचं तर त्याहून वंगाळ. आज तिगं घावलं ह्यो नशिबाचा भाग. दर येळंला असं घावतंय व्हय?" आणि टकटक, अंगठ्यावर.

मग मास्तर आत गेले. आमचे आबा, म्हणजे आजोबा बिराप्पा, खाटेवर होते. यांच्यापुढं वडीलसुद्धा चपला घालत नाहीत. मास्तरांनी कागद सरळ त्यांच्यापुढं धरला. "आवं आबा, नातीचं लगीन तुमच्यावर अडलंय. तिगातल्या एकानं तरी आनखी एका मानसाशी बोलाय पायजे."

"गुंडाला सांग."

"त्यो माझं ऐकनार न्हाई. तुमीबी न्हाई. पन ती नात तुमची हाय."

आबांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आपला ठिपका एकाच रेघेवर लोंबकळतोय हे दिसत होतं. संध्याकाळी काठी घेऊन ते त्या अठरांतल्याच आप्पासोच्या, आपल्या मावसभावाच्या, दारात गेले. मेंढरांच्या पाण्याच्या पाळीवरनं अकरा वर्षं बंद पडलेलं बोलणं. काय बोलले कुणास ठाऊक. परत येऊन म्हणाले, "काढ रं मास्तर, रेघ काढ."

तरी दोन दिवस लागले ओळ जुळवायला. लग्नादिवशी आबा मधोमध, एका अंगाला फौजी, दुसऱ्या अंगाला आप्पासो. मास्तरांनी पंगतीवरून एक चक्कर मारली आणि मान हलवली. अठरा घास एकदम उचलले गेले.

पुढच्याच शनिवारी मी सांगलीच्या त्या वाचनालयात बसलो होतो. अकरा पानं इंग्रजी, निम्मी चिन्हं, एकाचाही अर्थ कळेना. मास्तर शेजारी बसून पेंगत होते. मध्येच जागे झाले आणि चौथ्या पानावर माझी एक ओळ गळलेली दाखवून ते पान पहिल्यापासून लिहायला लावलं.